एकाच साच्याच्या बारा नौका

गोदीत एखादी नवी युद्धनौका बांधावयास घेतली म्हणजे तिचे आराखडे सहसा एकट्या तिच्यासाठी काढलेले नसतात. त्याच आराखड्यांवरून पुढे तिच्या चार-दोन भगिनीही बांधावयाच्या असतात. आणि जी नौका सर्वांत आधी तयार होते, तिचेच नाव त्या साऱ्या घराण्यास मिळते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'निलगिरी' १९७२ साली भारतीय नौदलात दाखल झाली. तिच्यामागून हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी आणि विंध्यगिरी या नौका आल्या. या साही नौका 'निलगिरी वर्गा'च्या म्हणून ओळखल्या गेल्या. जगातील बहुतेक नौदलांत हीच रीत रूढ आहे.

प्रस्तुत पाठात ज्या वर्गाची ओळख करून घ्यावयाची आहे, त्याचे नावही याच रीतीने पडलेले आहे. तो 'कॉन्स्टिट्यूशन वर्ग' होय. फरक एवढाच, की या वर्गातील एकही नौका कोणत्याही गोदीत बांधली गेली नाही आणि तिने कोणत्याही समुद्राचे पाणी पाहिले नाही. या नौका ताऱ्यांताऱ्यांमधून संचार करणाऱ्या, तेविसाव्या शतकातील, आणि सर्वस्वी कल्पित आहेत. ८ सप्टेंबर १९६६ या दिवशी अमेरिकेत दूरदर्शनच्या पडद्यावर 'स्टार ट्रेक' नावाची एक मालिका सुरू झाली. या नक्षत्रनौकांचे जन्मस्थान तेच. त्यांच्यापैकी 'एन्टरप्राइज' ही नौका त्या मालिकेचे जणू घरच होती.

या मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांचे आयुष्य बरेच फिरतीचे गेले होते. दुसऱ्या महायुद्धात ते बाँबफेकी विमानाचे वैमानिक होते. युद्धानंतर काही काळ त्यांनी प्रवासी विमाने चालविली. मग लॉस एंजेलिसच्या पोलीसदलात नोकरी केली, आणि शेवटी लेखणी हाती धरली. १९६४ साली त्यांनी आपल्या नियोजित मालिकेचे टाचण तयार केले, तेव्हा त्यातील नौकेचे नाव 'यॉर्कटाउन' असे होते. पुढे ते बदलून 'एन्टरप्राइज' झाले. एन्टरप्राइज म्हणजे धाडसाचा उद्योग. अमेरिकेच्या नौदलात हे नाव पूर्वीपासून मानाचे होते. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरात लढलेली एक विमानवाहू नौका या नावाची होती, आणि १९६१ साली आठ अणुभट्ट्यांवर चालणारी जी प्रचंड विमानवाहू नौका सेवेत दाखल झाली, तिलाही हेच नाव दिलेले होते.

नौकेचे रूप ठरविण्याचे काम मॅट जेफरीज या कलादिग्दर्शकाकडे आले. तेही युद्धकाळी बाँबफेकी विमानांतून उडालेले होते आणि विमानांची त्यांना मनापासून आवड होती. रॉडनबेरींनी त्यांना जे सांगितले ते सारे नकारार्थीच होते. नौकेला पंख नकोत, शेपटीचे पाते नको, मागून ज्वाळा आणि धूर नको. त्या काळच्या चित्रांतील अग्निबाणांसारखी ती मुळीच दिसता कामा नये. मग ती दिसावी कशी? बलवान दिसावी, एवढेच. काय नको हे ठाऊक असलेले आणि काय हवे हे सांगता न येणारे गिऱ्हाईक कारागिराला सर्वांत जड जाते. जेफरीज यांनी कागदांमागून कागद रंगविले आणि रॉडनबेरींनी त्यांतील बहुतेक बाजूस सारले.

अखेर जेफरीज यांना वाट सापडली ती कारागिराच्या साध्या विचारातून. ज्या यंत्रांच्या बळावर नौका ताऱ्यांपर्यंत जाणार, त्यांची शक्ती भयंकर असणार. तेव्हा अशी यंत्रे माणसांच्या बिछान्याशेजारी ठेवणे शहाणपणाचे नव्हे. म्हणून त्यांनी ती दोन लांब नळ्यांत घातली आणि आधारांवर नौकेपासून दूर उभी केली. माणसांच्या राहण्याकामाची जागा प्रथम त्यांनी चेंडूसारखी गोल कल्पिली होती. पण ती बोजड दिसू लागली, म्हणून दाबत दाबत तिची तबकडी केली. दोन ताटे तोंडाला तोंड लावून ठेवावीत, तसा तिचा आकार झाला. ही तबकडी एका मानेवर बसविली, मान एका जाड दंडगोलावर रोवली, आणि दंडगोलाच्या मागच्या बाजूस त्या दोन नळ्या उभारल्या. तबकडीच्या माथ्यावर एक लहानसा घुमट आला. तोच नौकेचा सेतू, म्हणजे कर्णधाराचे स्थान. नौकेचे अंग मात्र त्यांनी गुळगुळीत ठेवले. बाहेर लावलेले यंत्र केव्हातरी बिघडणार, आणि ते दुरुस्त करावयास कोणा बिचाऱ्याला निर्वात पोकळीत जावे लागणार. त्यापेक्षा यंत्रे आतच असावीत, हा त्यामागील विचार होता. जी नौका कधी उडणारच नव्हती, तिच्या दुरुस्ती-कामगाराची काळजी या मनुष्याने वाहिली. ती नौका पाहणाऱ्याला खरी वाटते याचे रहस्य बहुधा येथेच असावे.

हा आराखडा पसंतीस उतरत असता एक गंमत घडली. जेफरीज यांनी हलक्या लाकडाची एक लहान प्रतिकृती करून दोऱ्याने टांगली. यंत्रांच्या नळ्यांसाठी वापरलेले लाकूड जड निघाले आणि सारी नौका उलटी होऊन लोंबू लागली. ती तशीच उलटी ठेवावी की काय, अशी चर्चा काही वेळ झाली म्हणतात! सुदैवाने तसे झाले नाही.

नौकेच्या पाठीवर 'एन. सी. सी. १७०१' असा क्रमांक आहे. तोही जेफरीज यांनी विचारपूर्वक घातला. अमेरिकेच्या नागरी विमानांवर पूर्वी 'एन. सी.' ही अक्षरे असत. रशियाच्या विमानांवरील खुणेत 'सी' सारखे दिसणारे अक्षर पुनःपुन्हा येई. ताऱ्यांकडे जाण्याचे काम कोणा एका राष्ट्राच्या आवाक्यातील नाही, तेथे दोघांनाही बरोबर जावे लागेल, असे मानून त्यांनी एक 'सी' वाढविला. ही १९६४ सालची गोष्ट आहे. त्याआधी दोनच वर्षे क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून ही दोन्ही राष्ट्रे अणुयुद्धाच्या काठावर जाऊन आली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका अक्षराचे मोल कळते. आकड्यांविषयीची दृष्टी मात्र अगदी व्यवहारी होती. तीन, सहा, आठ आणि नऊ हे इंग्रजी आकडे दुरून एकमेकांसारखे दिसतात. म्हणून त्यांनी ते टाळले.

कथेप्रमाणे ही नौका ९४७ फूट, म्हणजे सुमारे २८९ मीटर लांब आहे आणि तिच्यावर सुमारे ४३० माणसे राहतात. तिची यंत्रे द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या संयोगावर चालतात. प्रतिद्रव्य ही काही लेखकाची कल्पना नव्हे. पॉल डिरॅक यांनी १९२८ साली मांडलेल्या समीकरणातून त्याची चाहूल लागली आणि १९३२ साली कार्ल अँडरसन यांना त्याचा पहिला कण प्रत्यक्ष सापडला. एक ग्रॅम प्रतिद्रव्य एक ग्रॅम द्रव्यास भेटले, तर दोन्ही नाहीशी होऊन जी ऊर्जा प्रकटेल, ती हिरोशिमावर पडलेल्या बाँबच्या जवळजवळ तिप्पट भरेल. अशी इंधनाची सोय आहे म्हटल्यावर वेगाचा प्रश्न येतो. आइन्स्टाइन यांच्या सिद्धान्तानुसार कोणत्याही द्रव्यमय वस्तूला प्रकाशाचा वेग गाठता येत नाही. कथाकारांनी यावर तोड काढली ती अशी, की नौका अवकाशातून धावत नाही, तर भोवतालचे अवकाशच दुमडते. या गतीचे अंक असतात. अंकाचा घन करावा, म्हणजे प्रकाशाच्या किती पट वेग आहे ते कळते. सहाव्या अंकाला हा वेग २१६ पट होतो. सूर्यानंतरचा आपल्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. तेथे ही नौका सुमारे सात दिवसांत पोहोचेल. मानवाने खरोखर पाठविलेले 'व्हॉयेजर १' हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यमालेबाहेर निघाले आहे. त्या वेगाने तेवढेच अंतर कापावयास सुमारे ७५ हजार वर्षे लागतील! पुढे १९९४ साली मिगेल अल्क्युबिएरे या मेक्सिकोच्या भौतिकीविदाने अवकाश दुमडून जाण्याची एक रीत खऱ्या गणिताने मांडून दाखविली. तीत लागणारी ऋण ऊर्जा आणावी कोठून, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.

आता पुन्हा लाकडाच्या नौकेकडे वळू. चित्रणासाठी जी मोठी प्रतिकृती तयार झाली, ती ११ फूट २ इंच लांब होती. लाकूड, प्लास्टिक आणि पत्रा यांनी ती बनविली होती व तिचे वजन सुमारे दोनशे पौंड होते. पुढे तिच्यात दिवे बसविले, तेव्हा त्यांच्या तारा डाव्या अंगातून बाहेर काढाव्या लागल्या. त्यामुळे ती बाजू विद्रूप झाली, आणि तेव्हापासून छायाचित्रकाराने नौकेची उजवी बाजूच प्रेक्षकांना दाखविली. मालिकेला पैसा नेहमीच अपुरा पडे. प्रत्येक आठवड्यास एवढी मोठी नौका नव्या ग्रहावर उतरविण्याचे दृश्य परवडणारे नव्हते. म्हणून माणसे एका ठिकाणी अदृश्य होऊन दुसरीकडे प्रकट होतात, अशी युक्ती काढली गेली. ही युक्ती पुढे जगभर प्रसिद्ध पावली. तिचे मूळ मात्र खर्चवहीत होते.

याच तुटपुंजेपणातून नौकांचा 'वर्ग' जन्मास आला. २६ जानेवारी १९६७ रोजी दाखविलेल्या एका कथेत कर्णधार जेम्स कर्क सांगतो, की आपल्या नौकेसारख्या ताफ्यात अवघ्या बाराच नौका आहेत. वाक्य लिहिले गेले. पण पुढे या भगिनींपैकी कोणी कथेत आली, तर तिच्यासाठी नवी प्रतिकृती करण्याची ऐपत कोणाची होती? तीच अकरा फुटी नौका पुन्हा उभी राही आणि आज तिचे नाव दुसरे असे. 'कॉन्स्टेलेशन' नावाची एक भग्न नौका दाखवावयाची वेळ आली, तेव्हा बाजारात मुलांच्या खेळासाठी मिळणारा एन्टरप्राइजचा प्लास्टिकचा जोडसंच आणला आणि तो जाळून-पोळून वापरला. संचात क्रमांकाचे छापील आकडे होते ते १, ७, ० आणि १. त्यांचीच उलटापालट करून 'कॉन्स्टेलेशन'चा क्रमांक १०१७ करण्यात आला. कॉन्स्टिट्यूशन वर्गातील या नौकेचा क्रमांक इतका मागे कसा, यावर भाविक प्रेक्षकांनी पुढे पुष्कळ डोके खाजविले. उत्तर इतके साधे होते!

वर्गाचे नावसुद्धा चोरपावलांनीच आले. एन्टरप्राइजच्या सेतूवरील पाटीवर तिचा वर्ग नुसता 'नक्षत्रनौका' असाच कोरलेला होता. 'कॉन्स्टिट्यूशन' हे नाव एका कथेत पडद्यावर क्षणभर दिसलेल्या, वाचता न येणाऱ्या आकृतीत होते, आणि पुढे मालिकेविषयीच्या एका पुस्तकात ते स्पष्टपणे छापले गेले. नाव घेतले होते ते १७९७ साली बॉस्टन येथे पाण्यात उतरलेल्या लाकडी युद्धनौकेचे, जी आजही त्याच बंदरात तरंगत जतन केलेली आहे. गंमत अशी, की जिने सर्वांना आपले नाव दिले, ती थोरली बहीण मूळ मालिकेतील एकाही कथेत प्रत्यक्ष दिसत नाही. इतर बहिणींची नावे मात्र निरनिराळ्या आरमारांतून आली. 'हूड' ही ब्रिटिश युद्धनौका १९४१ साली बुडाली व तिच्यावरील चौदाशेंहून अधिक माणसांपैकी केवळ तीन वाचली. 'पोटेम्किन' ही १९०५ सालच्या बंडाने गाजलेली रशियन नौका. 'लेक्सिंग्टन' अमेरिकन, 'एक्सेटर' पुन्हा ब्रिटिश. कल्पनेच्या गोदीत ही सारी नावे एका रांगेत उभी राहिली.

सर्व नौका दिसावयास सारख्या, आतूनही सारख्या; किंबहुना वस्तुतः त्या एकच होत्या. मग एका नौकेची कथा दुसरीपासून वेगळी कशाने करावयाची? लेखकांपुढे एकच साधन उरले. ते म्हणजे आतील माणसे. पैशाच्या अभावाने त्यांना या वाटेवर ढकलले हे खरे. पण मालिकेतील काही उत्तम कथा याच वाटेवर सापडल्या, हेही तितकेच खरे.

'कॉन्स्टेलेशन'ची गोष्ट घ्यावी. ग्रह गिळीत सुटलेल्या एका अवाढव्य यंत्राशी तिची गाठ पडते. नौका वाचत नाही असे पाहून तिचा प्रमुख डेकर आपली सारी माणसे जवळच्या ग्रहावर उतरवितो आणि स्वतः एकटा मागे राहतो. नौकाप्रमुखाने सर्वांच्या शेवटी नौका सोडावी, हा दर्यावर्दी धर्म त्याने पाळला. परंतु ते यंत्र नौकेला सोडून तो ग्रहच गिळते. कर्क तेथे पोहोचतो तेव्हा उजाड नौकेत एकच माणूस जिवंत आहे, आणि जिवंत राहिल्याबद्दल तो स्वतःस क्षमा करू शकत नाही. 'इन्ट्रेपिड' या नौकेवर सारे व्हल्कन ग्रहाचे रहिवासी होते. ती चारशे जीवांसह नष्ट होते, त्या क्षणी कैक योजने दूर एन्टरप्राइजवर बसलेला स्पॉक हा त्यांचा बांधव कळवळतो. भावनांना थारा न देणारा तो मनुष्य सहकाऱ्यांना विचारतो, की एकाच्या मरणाने तुम्ही हळहळता, मग चारशेंचे मरण तुम्हांस का जाणवत नाही? 'एक्सेटर'वरील माणसे रोगाने गेली आणि तिचा कर्णधार वाचला, पण सत्तेच्या मोहाने भ्रष्ट झाला. 'डिफायंट'वरील लोकांनी वेडाच्या भरात एकमेकांना मारले. बारा नौकांच्या ज्या ताफ्याचा कर्क अभिमानाने उल्लेख करतो, त्यातील इतक्या नौका मालिकेच्या तीन वर्षांत ओस पडाव्यात, ही गोष्ट सहज नजरेतून निसटते. अज्ञाताचा शोध घेण्याच्या गोष्टी सांगणारे बहुतेक लेखक परत आलेल्यांचीच गोष्ट सांगतात. येथे न परतलेल्यांची नोंद राहिली आहे.

या दृष्टीने सर्वांत विचार करावयास लावणारी कथा ८ मार्च १९६८ रोजी दाखविली गेली. डेस्ट्रॉम नावाचा एक शास्त्रज्ञ 'एम-५' हा संगणक घेऊन एन्टरप्राइजवर येतो. हे यंत्र नौका एकट्याने चालवू शकते, अशी त्याची खात्री आहे. परीक्षेसाठी चारशे तीस माणसांपैकी फक्त वीस मागे ठेवतात. आरंभी यंत्राचे निर्णय इतके अचूक व चपळ ठरतात, की कर्क स्वतःशीच खंतावतो. आपली गरज आता संपली काय, असे त्यास वाटते. पुढे सरावाची लढाई होते. समोर लेक्सिंग्टन, एक्सकॅलिबर, हूड आणि पोटेम्किन या चार भगिनी; म्हणजे पडद्यावर तीच एक प्रतिकृती चार वेळा! एम-५ ला लुटुपुटीची लढाई आणि खरी लढाई यांतील भेद उमगत नाही. ते खरी शस्त्रे चालविते. लेक्सिंग्टनवर माणसे मरतात. एक्सकॅलिबरवर एकही उरत नाही.

डेस्ट्रॉमने त्या यंत्रात स्वतःच्या मनाचे ठसे उतरविलेले असतात. त्यामुळे खून हे पाप आहे, हेही यंत्राला ठाऊक असते. कर्क त्याच्याशी वाद घालून त्याचे कृत्य त्याच्या पदरात घालतो, तेव्हा ते स्वतःस शासन करून घेते व बंद पडते. आता संकट उलटे होते. उरलेल्या नौका सूड घेण्यासाठी चालून येत आहेत, आणि 'आता आम्ही मारणार नाही' हे त्यांना कळविण्याचे साधन नाही. कर्क नौकेची संरक्षक कवचे पाडून ती निमूट उभी ठेवतो. समोरचा सेनानी वेस्ली त्याच्या ओळखीचा असतो. आज्ञा दिलेली असूनही वेस्ली ऐन क्षणी हात आवरतो. निःशस्त्र उभ्या असलेल्यावर गोळी झाडावी की नाही, याचे गणित यंत्राजवळ नव्हते. वेस्लीने ते मांडले नाही, त्याला ते आतून कळले. ज्या वर्षी ही कथा लिहिली गेली, त्या वर्षी संगणक खोलीभर जागा व्यापीत आणि थोड्याच लोकांनी ते पाहिलेले असत. आज शस्त्रे चालविण्याचे निर्णय यंत्रांवर सोपवावेत की नाही, याची चर्चा राष्ट्राराष्ट्रांत होत आहे. ती कथा आता जुनी वाटेनाशी झाली आहे.

माणसांवर इतका भार टाकल्यावर नौकेत बसवावयाची माणसे कोणती, हा प्रश्न गौण राहत नाही. सेतूवर सुकाणू सांभाळणारा सुलू आशियाई वंशाचा होता. ही भूमिका करणारे जॉर्ज टकाई जपानी वंशाचे अमेरिकन. १९४२ साली, पाच वर्षांचे असताना, केवळ वंशाच्या कारणाने अमेरिकन सरकारने त्यांना कुटुंबासह छावणीत डांबले होते. १९६७ पासून त्यांच्या शेजारी चेकॉव्ह हा रशियन तरुण येऊन बसला. संदेशवहनाच्या आसनावर उहुरा ही आफ्रिकन अधिकारी होती. अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क परिणामकारक करणारा कायदा १९६५ साली झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी ही स्त्री नौकेच्या सेतूवर अधिकारी म्हणून दिसू लागली, हे तेथील प्रेक्षकांच्या दृष्टीने लहान नवल नव्हते.

ती भूमिका करणाऱ्या निशेल निकल्स स्वतः मात्र पहिल्या वर्षाअखेर कंटाळल्या होत्या. वाट्याला येणारी वाक्ये थोडी, आणि रंगभूमीची ओढ मोठी. त्यांनी मालिका सोडण्याचे ठरविले. याच सुमारास एका समारंभात त्यांची गाठ मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी पडली. हा प्रसंग निकल्स यांनी पुढे अनेकदा सांगितला आहे. आपण मालिकेचे चाहते आहोत असे किंग म्हणाले. आणि त्या सोडून जाणार हे ऐकताच त्यांनी तसे न करण्याचा आग्रह धरला. ते आसन रिकामे झाले तर त्यावर कोणालाही बसविता येईल, पण आज कृष्णवर्णीय मुले ते पाहत आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. निकल्स राहिल्या. शिकागोत ही मालिका पाहणारी एक मुलगी मे जेमिसन ही होती. सप्टेंबर १९९२ मध्ये 'एन्डेव्हर' या यानातून अंतराळात जाणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री ठरली. कामाची पाळी सुरू करताना ती भूमीवरील केंद्राला उहुराच्या परिचित शब्दांनी हाक देत असे. निकल्स यांनीही १९७७ पासून अमेरिकेच्या अंतराळसंस्थेसाठी स्त्रिया व अल्पसंख्य तरुण यांना अंतराळवीर होण्याचे आवाहन करीत गावोगाव प्रवास केला होता. २०२२ साली त्यांचे निधन झाले.

मालिका मात्र अल्पायुषी ठरली. एकूण ७९ भागांनंतर ३ जून १९६९ रोजी ती बंद झाली. त्यानंतर दीड महिन्याने, २० जुलै रोजी, माणसाचे पाऊल चंद्रावर पडले. पुनःप्रक्षेपणांतून तिची कीर्ती पुढे वाढत गेली, तोवर ती अकरा फुटी नौका पेट्यांत बंद होती. १९७४ साली ती वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयास देण्यात आली. २०१६ साली तिची काळजीपूर्वक डागडुजी होऊन, माणसाने खरोखर उडविलेल्या विमाने-यानांच्या दालनात तिला जागा मिळाली. तिची डावी बाजू तशीच अपुरी आहे.

तिच्या नावाला मात्र आणखी एक प्रवास घडावयाचा होता. अमेरिकेने पुनःपुन्हा वापरता येईल असे जे पहिले अंतराळविमान बांधले, त्याचे नाव 'कॉन्स्टिट्यूशन' ठेवण्याचे ठरले होते. मालिकेच्या चाहत्यांनी पत्रांचा वर्षाव केला आणि राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ते बदलून 'एन्टरप्राइज' करण्यास संमती दिली. थोरल्या बहिणीचे नाव अशा रीतीने दुसऱ्यांदा मागे राहिले. १७ सप्टेंबर १९७६ रोजी हे विमान कारखान्याबाहेर आले, तेव्हा रॉडनबेरी आणि मालिकेतील अनेक कलावंत समोर उभे होते. १९७७ साली त्याने वातावरणात तरंगून उतरण्याच्या चाचण्या दिल्या. त्यावर अंतराळात जाण्याजोगी यंत्रे बसविलेलीच नव्हती. त्यामुळे ते अंतराळात कधी गेले नाही. २०१२ पासून ते न्यूयॉर्कच्या बंदरात, एका जुन्या विमानवाहू युद्धनौकेच्या पाठीवर ठेवलेले आहे. १९४३ साली सेवेत आलेल्या त्या युद्धनौकेचे नाव 'इन्ट्रेपिड' असे आहे.

स्वाध्याय

१. नौकांच्या वर्गास नाव कसे मिळते? कॉन्स्टिट्यूशन वर्गाच्या बाबतीत त्या रीतीत कोणते वैचित्र्य आढळते?
२. जेफरीज यांनी यंत्रांच्या नळ्या दूर का ठेवल्या व नौकेचे अंग गुळगुळीत का केले?
३. गतीचा अंक आठ असता नौका प्रकाशाच्या किती पट वेगाने जाईल? पाठातील रीतीने काढा.
४. डेकर चुकला काय? वेस्ली चुकला काय? दोघांपैकी एकाची बाजू घेऊन पंधरा ओळी लिहा.
५. 'तिचे मूळ मात्र खर्चवहीत होते', या वाक्याचा संदर्भासह अर्थ स्पष्ट करा.